जामीनदार

आज सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर आतेभावाने किंगफिशर विमान कंपनीच्या थकीत कर्जांवरून गाजलेल्या विजय मल्ल्यांच्या चार तासांच्या मुलाखतीतला एक तुकडा टाकला आणि खाली लिहिले, 'बिचाऱ्याने दुपटीने फेडले, तरी चोर तोच!' त्यावर अकरा जणांनी हात जोडले. तेव्हापासून मी धुमसतो आहे, म्हणून इथे लिहितो.

माझ्या वडिलांनी १९९४ साली कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या बारा हजारांच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली होती. सहकारी नोकरी सोडून निघून गेला आणि पतपेढीची नोटीस आमच्या दारात आली. पुढची तीन वर्षे बाबांच्या पगारपत्रकावर 'इतर कपात' अशी एक ओळ यायची आणि आई पत्रक हातात घेतले की आधी त्याच ओळीवर बोट ठेवायची.

किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्जांना मल्ल्यांनीही वैयक्तिक हमी दिली होती. शिवाय बँकांनी तारण म्हणून काय घेतले, तर 'किंगफिशर' हे नावसुद्धा! एप्रिल २०१६ मध्ये सुमारे ३६७ कोटींच्या राखीव किमतीला त्या नावाचा लिलाव पुकारला, तेव्हा एकही बोली आली नाही. बाबांची सही घेताना मात्र पतपेढीच्या कारकुनाने ती जुन्या सहीशी दोनदा ताडून पाहिली होती.

वडील विठ्ठल मल्ल्या १९८३ साली गेले, तेव्हा विजय अवघे सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांनी त्या वयात मद्यव्यवसायाचा एवढा पसारा सांभाळून वाढवला, हे मला मान्य आहे. परंतु २००५ मध्ये सुरू झालेल्या त्या विमान कंपनीने एकाही वर्षी नफा दाखवला नाही, आणि तरीही परदेशी उड्डाणांसाठी लागणारी पाच वर्षांच्या सेवेची अट लवकर पार पडावी म्हणून २००७ मध्ये आधीपासून उडणारी पण तोट्यातली एअर डेक्कन गळ्यात बांधून घेतली. २००८ मध्ये तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, हेही खरे. पण इंडिगोला ते काही स्वस्त मिळत नव्हते.

२०१२ मध्ये कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्महिने थकले आणि ऑक्टोबरात विमाने जमिनीवर आली. डिसेंबर २०१५ मध्ये हाच माणूस गोव्यात साठीचा सोहळा करतो आणि २ मार्च २०१६ रोजी, राज्यसभेचा खासदार असतानाच, लंडनला निघून जातो! आता म्हणे दुपटीने फेडले. कर्जवसुली न्यायाधिकरणाने ६,२०३ कोटी आणि त्यावर साडेअकरा टक्के व्याज ठरवले, आणि अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत १४,१३१ कोटी बँकांना परत मिळाल्याचे सांगितले. रक्कम मोठी आहे, नाकारत नाही. पण ती जप्त केलेली मालमत्ता आणि शेअर विकून आली आहे. ज्याच्या घरातून वसुली होते त्याने 'मी फेडले' म्हणावे, आणि आपण हात जोडावेत?

न्यायालयाचा आदेश डावलून चार कोटी डॉलर मुलांच्या नावे वळवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये त्याला चार महिन्यांची शिक्षा आणि दोन हजार रुपये दंड सुनावला. दोन हजार! बाबांनी दुसऱ्याच्या कर्जापायी याच्या सहापट मुद्दल भरली, व्याज वेगळेच.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, कारण एक जुनी गोष्ट आठवली. तो सहकारी बऱ्याच वर्षांनी आम्हाला स्टेशनच्या पुलावर समोरून येताना दिसला होता. मी मुठी आवळल्या. बाबांनी माझा दंड धरून मला दुसऱ्या जिन्याने खाली उतरवले आणि म्हणाले, "त्याला आपल्याकडे बघायला लाज वाटेल रे."

आतेभावाला फोन करून तो तुकडा ग्रुपवरून काढायला सांगितला आहे. बाबा संध्याकाळी चहा झाल्यावर मोबाइल उघडतात.