टाकीतले कुंकू

“अरे, टाकीत कुणाच्या हातून कुंकू सांडलंय का?” असे आईने विचारले, तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण आदल्याच संध्याकाळी घरी चैत्रगौरीचे हळदीकुंकू झाले होते आणि आलेल्या बायकांपैकी निम्म्या जणी आंब्याच्या डाळीची वाटी हातात घेऊन माशांच्या टाकीसमोरच उभ्या होत्या. मी वाकून पाहिले. पांढऱ्या वाळूवर, उजव्या कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढा एक गडद लाल डाग होता. कुंकू असते तर ते पाण्यात विरून पसरले असते. हा डाग मात्र कडेने रेखीव होता, त्याला मखमलीसारखी लव होती आणि त्यावर साबुदाण्याहूनही बारीक असे चार-पाच बुडबुडे बसलेले होते. मी बोट लावले, तर तो दुधावरच्या सायीसारखा अख्खाच्या अख्खा उचलला गेला आणि बोटाला चिकटून बसला.

ही टाकी म्हणजे तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा समुद्राचा एक तुकडा असून तो पुण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आणि त्याशिवाय आणखी तीन जिने वर, आमच्या दिवाणखान्यात ठेवलेला आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय मी दुसरीत असताना पाहिले होते आणि त्या भेटीचे परिणाम निवृत्तीला पाच वर्षे उरलेली असताना दिसू लागले. टाकीत दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, काही शंख आणि थोडी प्रवाळे आहेत. कठीण सांगाड्याची प्रवाळे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीला बसलेली आहेत. त्यामुळे माझ्याकडची सारी मऊ प्रवाळे आहेत, जी वाऱ्यावरच्या केळीच्या पानासारखी हलतात आणि रागावली की महिनाभर मिटून बसतात. माझे सासरे मालवणचे आहेत. मी बादलीत मीठ मोजून घालतो हे पाहिल्यावर ते जे हसले, त्याचा उल्लेख सौ. अजूनही पाहुण्यांपुढे करते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाग थाळीएवढा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीच्या दुकानदाराला दाखवण्यासाठी फोटो काढायला गेलो, तर वाळू पांढरीशुभ्र. गॅरेजमध्ये नेल्याबरोबर ज्या स्कूटरचा आवाज बंद होतो, तिच्या जातीचे हे दुखणे होते. दिवे लागल्यावर ते पसरायचे, दुपारी त्यावर प्राणवायूचे बुडबुडे चढायचे, संध्याकाळी त्याचे पापुद्रे सुटून प्रवाळांवर शालीसारखे जाऊन बसायचे आणि रात्री दिवे मालवले की सारे कुठेतरी गुडूप व्हायचे.

दुकानदाराने फोनवरच निदान केले: “रेड स्लाइम.” अधिक वाचल्यावर कळले की ज्याला मी शेवाळ समजत होतो ते शेवाळ नसून जिवाणू आहेत, आणि तेही नावाने नील-हरित. लाल दिसणाऱ्या वस्तूला नील-हरित म्हणणे हे माझ्या लेखापरीक्षकाच्या मनाला पटले नाही, परंतु फायकोएरिथ्रिन नावाचे तांबडे रंगद्रव्य अंगात भरपूर असले की हे जिवाणू असे दिसतात म्हणे. यांच्याच पूर्वजांनी केलेल्या कामामुळे सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू साठू लागला. ज्यांनी मला श्वास घ्यायला हवा दिली, त्यांच्याविरुद्ध मी प्लास्टिकची नळी आणि बादली घेऊन उभा होतो. समोरच्या फ्लॅटमधले काका रोज सकाळी स्पिरुलिनाची गोळी घेतात. ती गोळीही याच गोत्रातली आहे हे मी त्यांना उत्साहाने सांगितले, तेव्हा त्यांनी टाकीकडे बराच वेळ पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे चहाला येणे बंद केले.

नळीचा प्रसंग सांगितलाच पाहिजे. चिकटा ओढून काढण्यासाठी बोटाच्या निम्म्या जाडीची नळी टाकीत सोडायची, दुसरे टोक खाली बादलीत धरायचे आणि पाणी चालू व्हावे म्हणून तोंडाने एकदा हवा ओढायची, अशी ही रीत आहे. हवा किती ओढायची याचा अंदाज अनुभवाने येतो. माझा अनुभव तेव्हा पहिलाच होता. तोंडात खारे पाणी आले, त्यामागोमाग काहीतरी गिळगिळीत आले आणि मग ओल्या मातीचा एक कुबट वास टाळूपर्यंत चढला. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधात जिओस्मिन नावाचे जे द्रव्य असते, ते या कुळातलेही काही जिवाणू तयार करतात, ही माहिती मला नंतर मिळाली. मृद्गंधावर आपल्याकडे पुष्कळ कविता झाल्या आहेत, परंतु तो चावून पाहिलेला कवी माझ्या वाचनात नाही.

मी हिशेबाचा माणूस असल्यामुळे मग वही घातली. पाण्यात नायट्रेट ४० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ४०) आणि फॉस्फेट ०.२५ निघाले, म्हणजे चिकट्याच्या दृष्टीने पाहिले तर आमच्या टाकीत बाराही महिने लग्नाची पंगत उठत होती. फॉस्फेटची चाचणी म्हणजे काचेच्या कुपीत थेंब टाकून येणारा निळा रंग एका पट्टीवरच्या छटांशी ताडून पाहणे. तिथे माझे डोळे कुचकामी ठरले. सौ.ने कुपी एकदा खिडकीशी आणि एकदा ट्यूबलाइटखाली धरून, साडीचा पोत पारखावा तशी पारखून, “हा अस्मानी नव्हे, याच्या एक घर खालचा,” असा निर्णय दिला, आणि तेव्हापासून फॉस्फेटखाते तिच्याकडे आहे.

येणी कुठून येत होती ते शोधता पहिला संशयित निघाला आमचा स्वयंपाकघरातला आरओ. पाण्याला चव राहावी म्हणून त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळणारा एक स्क्रू असतो, आणि त्या चवदार पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ७० भरला. टाकीला शून्य लागतो. म्हणून वेगळे यंत्र घेतले, जे वीस लिटर शुद्ध पाण्यामागे साठ लिटर पाणी बाहेर टाकत असे. वैशाखात सोसायटीत टँकर येत असताना हे साठ लिटर ओतून देणे जिवावरचे होते. तेव्हा घरात इतक्या वेळा फरशी पुसली जाऊ लागली की कामाच्या बाईंनी पगारवाढ मागितली, आणि ती रास्तच होती. दुसरा संशयित मी स्वतः होतो. क्लाउनफिश ही जात काचेशी येऊन अशी काही तोंडे करते की कालपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नाही असे वाटावे. कामावरून आलो की एक चिमूट, जेवणाआधी एक, बातम्या संपल्यावर एक, असे माझे चालले होते. ते बंद केले. पाणी फिरवणारा आणखी एक पंप लावला, त्याने पहिल्या रात्रीतच उजव्या कोपऱ्यातली सगळी वाळू उचलून डाव्या कोपऱ्यातल्या प्रवाळांवर नेऊन घातली. हा चिकटा खातील म्हणून आणखी सहा शंख आणले. ते त्याला वळसा घालून पुढे गेले, जसे आम्ही लहानपणी ताटातल्या कारल्याला घालत असू. दर रविवारी सातशे ग्रॅम मीठ, वीस लिटर पाणी, नळी आणि बादली हा कार्यक्रम सुरू झाला. नळीचे टोक आता मी तोंडात धरत नसे.

तरी चिकटा हटेना, तेव्हा अंधाराचा उपाय केला. तीन दिवस दिवे बंद ठेवायचे आणि टाकी सर्व बाजूंनी झाकायची. घरात एवढ्या मापाची एकच वस्तू होती, ती म्हणजे सोलापुरी चादर, तीही हत्तींची नक्षी असलेली. नेमक्या त्याच तीन दिवसांत नाशिकची आत्या खास मासे पाहायला म्हणून आली. दिवाणखान्यात चादर पांघरलेली एक लांबट वस्तू आणि तिच्याशेजारी वही घेऊन बसलेला मी, हे दृश्य पाहून तिने दारातच पदर सावरला आणि हळू आवाजात विचारले, “कधी झालं?” चौथ्या दिवशी चादर काढली तेव्हा वाळू लख्ख होती. आत्या आदल्या रात्रीच्या गाडीने परत गेली होती. आठवड्याने चिकटाही परत आला.

शेवटी मी औषधावर उतरलो. एरिथ्रोमायसिनने हे जिवाणू मरतात, हे समजल्यावर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो.

“चिठ्ठी?”

“चिठ्ठी नाही.”

“पेशंटचं वय?”

“दोन वर्षं.”

“वजन?”

“एकशे साठ लिटर.”

दुकानदाराने गोळ्यांची पट्टी परत खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावले. त्याचे बरोबरच होते. प्रतिजैविके अशी बादलीने वापरून ते पाणी पुन्हा गटारात सोडणे योग्य नव्हे, हे मला नंतर सुचले. पण त्या वेळी मी इरेला पेटलो होतो. टाकीसाठीच विकली जाणारी एक पूड मागवली आणि मोजून घातली. ही पूड घातल्यावर प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातली घाण फेसाच्या रूपाने वर काढणारे यंत्र, बिथरते, अशी सूचना वेष्टनावर होती. मी ती वाचलीही होती. पहाटे तीन वाजता आईने हाक मारली, “अरे, दूध उतू गेलं!” टाकीखालच्या कपाटाची दोन्ही दारे ढकलून पांढरा फेस बाहेर आला होता आणि सोफ्याखालून देवघराकडे निघाला होता. सकाळपर्यंत आम्ही तिघांनी मिळून फेस पुसला आणि मेलेल्या जिवाणूंपायी पाण्यातला प्राणवायू कमी पडू नये म्हणून बुडबुडे सोडणारे हवेचे दोन दगड पाण्यात सोडले. आठ दिवसांत टाकीत लाल रंग औषधालाही उरला नाही.

जुलैच्या पहिल्या रविवारी वहीत मी नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ ताळेबंद मी पाहिलेला नव्हता.

बारा दिवसांनी टाकीला सर्दी झाली. याहून नेमका शब्द मला सापडत नाही. खडकांवरून, प्रवाळांच्या कडांवरून, अगदी पंपाच्या तोंडावरून तपकिरी शेंबूड लोंबू लागला आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकेक बुडबुडा. शंख एकामागून एक उताणे पडले. भाच्याचे शाळेतले सूक्ष्मदर्शक आणून चारशेपट मोठे करून पाहिले, तर तिळाच्या आकाराचे असंख्य जीव एका टोकाने दाव्याला बांधल्यासारखे, घाण्याच्या बैलाप्रमाणे, जागच्या जागी गोल फिरत होते. त्यांचे नाव ऑस्ट्रिऑप्सिस. हे जिवाणू नव्हेत, डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव आहेत. त्यांच्यातले काही विषारी असतात आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट उरले नाही, बाकीची सूक्ष्म वस्ती उपाशी मेली, की रिकाम्या जागेचा ताबा घेण्यात यांचा हात कुणी धरत नाही. म्हणजे माझ्या त्या दोन रेघा हेच त्यांना दिलेले ताबापत्र होते.

यावरचा उपाय मी तीनदा वाचला आणि मग सौ.ला मोठ्याने वाचून दाखवायला लावला, कारण माझा विश्वास बसेना. पाणी बदलणे बंद करावे. माशांना भरपूर घालावे. आणि पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट बाहेरून आणून टाकावे. “अहो, मग चार महिने आपण काय करत होतो?” असे तिने विचारले. प्रश्न लेखापरीक्षणाच्या दृष्टीने बिनतोड होता.

पोटॅशियम नायट्रेट शोधायला मात्र लांब जावे लागले नाही. तासगावला माझ्या साडूची द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षबागाइतदाराच्या शेडमध्ये १३:०:४५ आणि ०:५२:३४ या आकड्यांची पोती नसतील तर त्याने बाग कशाला लावावी? पहिले पोटॅशियम नायट्रेट, दुसरे फॉस्फेटचे खत. मी फोन केला.

“देतो की साडूभाऊ. किती एकराला टाकायचंय?”

“तीन फुटाला.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारले, “ड्रिपनं सोडणार का?”

त्यांनी एकेक किलोचे दोन पुडे पाठवले. नायट्रेट एक पीपीएमने वाढवायला मला साधारण पाव ग्रॅम लागते, तेव्हा रोज घातले तरी एक पुडा अकरा वर्षे पुरेल. वारसांची नावे पुड्यावर लिहून ठेवायचा विचार आहे. शेतीचे खत टाकीत घालताना पहिल्या दिवशी माझा हात थरथरला, कारण ज्या नायट्रेटचा कण न कण मी नळीने, बादलीने आणि पाठीच्या कण्याने उपसला होता, तेच मी आता डिजिटल काट्यावर तोलून परत करत होतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री खडक सोडून पाण्यात तरंगायला जातो, म्हणून रात्रभर पाणी अतिनील दिव्यातून फिरवले. आईला मासे खायला घालण्याची अधिकृत परवानगी मिळाली आणि तिने ती तळमळीने वापरली.

पितृपक्ष संपता संपता शेंबूड ओसरला. मिटून बसलेले एक प्रवाळ अर्धवट उघडले. नवरात्रातल्या शुक्रवारी मी दाढी करत असताना बाहेरून आईचा आवाज आला, “अरे, कुंकू परत आलं रे!”

मी साबण तसाच तोंडावर ठेवून गेलो. पांढरी वाळू, उजवा कोपरा, गडद लाल, वर चार-पाच बुडबुडे. तपकिरी धागा मात्र शोधूनही कुठे दिसला नाही. सौ.ने न सांगताच बादली आणि नळी आणून ठेवली होती. मी दोन्ही उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली.

“काढत नाहीस?” आईने विचारले.

“राहू दे, सणाचं आहे,” मी म्हणालो, आणि वही काढून त्या दिवसाची नोंद केली: नायट्रेट ८, फॉस्फेट ०.०८, कुंकू एक रुपया.