व्हॅल्युएशन गल्ल्यात मोजता येत नाही

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकरच्या भांडणाखालोखाल सध्या एकच मेसेज फिरतोय. आतापर्यंत पाच जणांनी टाकला, त्यात आमचे खजिनदारही आले. मेसेज म्हणतो: युनिकॉर्न म्हणजे जिच्याकडे आठ हजार कोटी आहेत अशी कंपनी. तोट्याला घाबरू नका, अ‍ॅमेझॉनही तोट्यातच होती. आयपीओ (कंपनीच्या शेअरची पहिली जाहीर विक्री) दिसला की पैसे टाका. मराठी माणूस एफडी सोडत नाही, म्हणून मागे राहतो.

मी वीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितोय. त्यामुळे ‘जिच्याकडे आहेत’ या शब्दांवरच अडखळलो.

समजा, एकाने ८० कोटी देऊन कंपनीचा १ टक्का घेतला. लगेच आख्ख्या कंपनीची किंमत ८,००० कोटी धरली जाते; हेच व्हॅल्युएशन, आणि त्यावरच ती युनिकॉर्न ठरते. खात्यात आले ८० कोटी. उरलेले ७,९२० कोटी निव्वळ गुणाकार. समोरच्या टॉवरमधला एक फ्लॅट दोन कोटींना गेला म्हणून आपल्या कोणाच्या पासबुकात काही जमा झालं का? आणि सगळेच एकदम विकायला निघाले तर तो भाव तरी टिकेल का?

शिवाय त्या ८० कोटींच्या करारात बहुधा एक कलम असतं: कंपनी पडत्या भावात विकली गेली तर आधी माझे पैसे, मग बाकीच्यांचे. म्हणजे त्याचा शेअर आणि कंपनीतल्या नोकरदाराला मिळालेला शेअर मुळात एकच वस्तू नाही, तरी गुणाकार एकाच भावाने. ऑनलाइन शिकवण्या घेणाऱ्या बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरली होती. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट बोर्डाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

हे घरातही पाहिलंय. भाचा ऐरोलीच्या एका स्टार्टअपमध्ये लागला. पगार बेताचा, पण ‘मामा, चाळीस लाखांचे ईसॉप मिळालेत!’ ईसॉप म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घ्यायचा नोकरदाराचा हक्क. नोकरी सोडताना कळलं की नव्वद दिवसांत स्वतःचे पैसे भरून शेअर घ्यायचे, वर कागदावरच्या नफ्यावर आयकरही आत्ताच. आणि विकायला गिऱ्हाईक? कोणी नाही. ते पत्र ताई अजून गॅसच्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये जपून ठेवते.

अ‍ॅमेझॉनचं म्हणाल तर ती १९९४ ची कंपनी, पहिला तिमाही नफा २००१ च्या अखेरीस. तोटा होताच, खरंय. पण गिऱ्हाइकाचे पैसे आधी हातात यायचे, पुरवठादाराचे नंतर जायचे. वाशी मार्केटातून उधारीवर माल उचलून रोखीने विकणाऱ्या दुकानदाराला ही चाल वेगळी शिकवायला नको. दर ऑर्डरमागे खिशातून पैसे घालणाऱ्याचा तोटा वेगळा. ऑर्डरी वाढतील तसा तोही वाढतो.

आता आयपीओ. इथे मेसेज नुसता चुकीचा नाही, घातक आहे. आयपीओत आपण भरलेले पैसे कंपनीलाच मिळतात असं बहुतेकांना वाटतं. नोव्हेंबर २०२१ चा पेटीएमचा आयपीओ बघा: १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी ‘ऑफर फॉर सेल’, म्हणजे जुने भागधारक आपला माल विकून मोकळे होणार. २,१५० रुपयांचा शेअर पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्के पडला. झोमॅटोचं नाव कोणीतरी काढणारच. काढा. ७६ ला आलेला तो शेअर पुढच्या वर्षी पन्नासच्या खाली गेला आणि २०२४ मध्ये दोनशेच्या वर. ज्याने मधल्या काळात धीर धरला त्याने कमावलं. पण मुलीच्या फीचे पैसे तिथे अडकवणाऱ्याला धीर कुठून परवडणार?

राहिला मराठी माणसाचा भित्रेपणा. वागळे ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिथल्या एका शेडमध्ये बायकोच्या पाटल्या गहाण टाकून दोन लेथ घेणारे गृहस्थ माझे अशील आहेत. त्यांना धोका पत्करायला शिकवायची माझी तरी छाती नाही.

काल लिफ्टमध्ये खजिनदार भेटले. मी विचारलं, ‘मग सोसायटीचा सिंकिंग फंड कुठे टाकू या?’

‘तो एफडीत आहे हो, तिथेच राहू दे.’