२९९९ आणि ३००० मधला फरक

नमस्कार. तुम्ही मनापासून लिहिलंत, म्हणून नीट उत्तर देतो.

तुमचं म्हणणं असं, की बेसबॉलमध्ये २९९९ हिट (फटका मारून बाद न होता किमान पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे पहिल्या थांब्यापर्यंत पोचणं) काय आणि ३००० काय, खेळात काडीचा फरक पडत नाही. सचिनच्या शंभराव्या शतकासाठी आपण वर्षभर ताटकळलो आणि ते झालं त्याच दिवशी, १६ मार्च २०१२ ला, मिरपूरमध्ये बांगलादेशकडून हरलो. आकडे मोजण्याच्या नादात सामना बघायचाच राहतो.

मिरपूरची हार मलाही लागली होती. पण बेसबॉलमधले हे टप्पे मी पाहतो ते खेळाडू तिथवर कसा पोचला, यासाठी. अमेरिकेच्या हँक आरोनचंच घ्या. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्याचे ७१३ होमरन (एकाच फटक्यावर सगळे बेस पार करून पुरी केलेली धाव) झाले होते, बेब रूथचा विक्रम होता ७१४ चा. एक कृष्णवर्णीय खेळाडू रूथच्या पुढे जाणार म्हणून तो अख्खा हिवाळा त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत राहिली. ८ एप्रिल १९७४ ला अटलांटात त्याने ७१५ वा मारला. हा विक्रम समोर नसता, तर माणसांच्या मनातलं ते विष इतकं उघड्यावर आलं असतं का? आणि आकडेच बघायचे तर हेही बघा: त्याच्या एकूण ३७७१ हिटमधून सगळे ७५५ होमरन वजा केले, तरी ३०१६ उरतात! नुसता ताकदीने मारणारा म्हणून त्याची ओळख सांगणाऱ्यांना मी ही वजाबाकी हमखास दाखवतो.

पाचशे होमरन भरले नाहीत म्हणून फ्रेड मॅकग्रिफला कमी लेखलं, हा तुमचा राग मात्र रास्त आहे. त्याचे होमरन ४९३. १९९४ मध्ये ३४ झालेले असताना ऑगस्टमध्ये खेळाडूंचा संप झाला आणि उरलेला हंगामच बुडाला. पत्रकारांच्या मतदानातून तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, कधीच गेला नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एका समितीने त्याला निवडलं. पाचशेला सात कमी पडले म्हणून त्याला कमी लेखणं चूकच. पण ते सात कुठे गेले, हे आकड्यांत रमणाऱ्या चाहत्यांनीच वर्षानुवर्षं सांगितलं.

राहिला सामना बघण्याचा मुद्दा. २१ एप्रिल २०२२, डेट्रॉइट. डेट्रॉइट टायगर्सचा मिगेल काब्रेरा २९९९ हिटवर, आठवी इनिंग, पहिला बेस मोकळा. समोरच्या यांकीज संघाने त्याला खेळूच दिलं नाही, मुद्दाम वॉक दिला, म्हणजे फटका न मारताच पहिल्या बेसवर जाऊ दिलं. डावपेच म्हणून त्यात वावगं काही नव्हतं, तरी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढच्याच ऑस्टिन मेडोजने डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारून दोन धावा आणल्या आणि टायगर्स ३-० ने जिंकले. काब्रेराचा ३००० वा हिट दोन दिवसांनी आला. त्या आठव्या इनिंगमध्ये स्टेडियममधल्या कुणाचंही लक्ष सामन्यावर नव्हतं, हे मला पटत नाही.