समान संधीच्या कार्यालयात जाताना घ्यायची काळजी

ठाण्यात समता नाही असं कोण म्हणतं? घोडबंदर रोडचा ट्रॅफिक सगळ्यांना सारखा. सर्व्हर डाऊन असतो तेव्हा तो जात, लिंग, वय काही बघत नाही. तरी काही जण कुरकुरतातच. अशांसाठी गेल्या आठवड्यात मिळवलेलं ज्ञान इथे फुकट वाटतेय. माझी आत्या व्हीलचेअरवर असते, तिच्या भत्त्यासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. तुम्हाला ते आपल्याच वॉर्डातलं वाटलं तर वाटू द्या.

सर्वात आधी, दिव्यांग व्यक्ती ठणठणीत असल्याची खात्री करून घ्या. त्यांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे.

रॅम्प नाही असं मात्र म्हणू नका. आहे. निळ्या रंगात खुर्चीचं चित्रसुद्धा आहे. नियमात त्याचा उतार एकास बारा सांगितलाय, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. पण इतकी जागा रॅम्पला दिली तर साहेबांच्या गाडीने कुठे जायचं? म्हणून आपला घसरगुंडीसारखा केलाय. खालच्या तोंडाशी स्टाफच्या दुचाक्या, वरच्या तोंडाशी सुशोभीकरणाच्या कुंड्या. दुचाकी हलवायला सांगितलीत तर 'दोनच मिनिटं' ऐकू येईल. सोबत डबा ठेवा.

लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद असेल तर तो नीट निरखून पाहा. साधा कागद असेल तर आशा ठेवा. लॅमिनेशन केलेला असेल तर घरी जा.

फॉर्मवर 'तृतीयपंथी' असा रकाना आहे, तेव्हा निश्चिंत राहा. खिडकीवरचा माणूस तो अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असा वाचून दाखवतो.

कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीचा फलक हवा असेल तर कॅलेंडर उचलून बघा.

आता स्वच्छतागृह. आत्याला जायचं होतं. दिव्यांगांसाठीचं आहे, दाराला कुलूप आहे. चावी शिपायाकडे, शिपाई चहाला, चहावाला नाक्यावर. शेवटी चावी आली ती साफसफाईच्या मावशींकडून. दार उघडलं तर आत झाडू, फिनेलचे कॅन, एक मोडकं कपाट आणि भिंतीला टेकवून फ्लेक्सची गुंडाळी. मी ती उलगडून पाहिली. '३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन, हार्दिक शुभेच्छा'. वर हात जोडलेले नऊ फोटो. दिव्यांगांच्या संडासात दिव्यांग दिन ठेवलाय! एका खुंटीला मावशींची साडी आणि डब्याची पिशवी. मावशी ओशाळल्या, म्हणाल्या, "ताई, आमाला कपडे बदलायला दुसरी जागाच नाय ना." ठेक्यावरच्या बाई त्या. अख्खी इमारत झाडतात आणि जेवतात जिन्याखाली. त्यांना ओशाळायला लावणारे एसीत बसलेत. त्यांच्या टेबलामागे महिला सक्षमीकरणाचं पोस्टर आहे, म्हणजे तोही विषय मिटला.

वर गेले तर क्लार्क म्हणाला, "पेशंट कुठेय? पेशंटला वर आणा." यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र दाखवलं, आधार दाखवलं. नाही, प्रत्यक्ष हवं. "तुम्ही दोन मिनिटं खाली या ना," म्हटलं. "मॅडम, टेबल सोडता येत नाही." हेच टेबल लंचआधी अर्धा तास आणि लंचनंतर पाऊण तास रिकामं होतं, पण ते असो. शेवटी रांगेतल्याच दोन मुलांनी आत्याला खुर्चीसकट उचलून वर नेलं. तिने क्लार्कला शांतपणे विचारलं, "बाळा, तू खाली आला असतास तर तुझी खुर्ची कुणी पळवली असती का?" त्याने मान वर न करता शिक्का मारला.

नाही, आता सरळच बोलते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचा. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम आले जून २०१७ मध्ये. मुदत संपून गेलीय. हिशोब मला नका विचारू, तुमच्या लेखा विभागाला विचारा. त्यांनाच हेही विचारा की दिव्यांगांसाठी राखायचा पाच टक्के निधी कुठल्या रस्त्याच्या पेव्हर ब्लॉकखाली गेला. नोकरीत चार टक्के आरक्षण आहे म्हणे. भरतीच होत नाही, माणसं ठेकेदाराची, मग चार टक्के कशाचे काढणार? आणि चुकून एखादा अंध उमेदवार लागलाच तर त्याला टेलिफोनवर बसवायचं आणि वर्षातून एकदा, डिसेंबरात, शाल द्यायची. अहो, त्याला कॉम्प्युटरवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर द्या. शाल तुमच्याकडेच ठेवा.

पैसे नाहीत हे सांगू नका. कुंड्या उचलायला टेंडर लागत नाही. मावशींना एक खोली आणि चार कपाटं द्यायला महासभेचा ठराव लागत नाही. आठवड्यातून दोन दिवस एक माणूस तळमजल्यावर बसवायला तर फक्त लाज लागते. याच कायद्यात प्रत्येक सरकारी कार्यालयाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असं लिहिलंय. नेमला असेल तर त्याचं नाव आणि फोन नंबर तळमजल्यावर, खुर्चीत बसलेल्याला वाचता येईल इतक्या उंचीवर लावा. आणि तो फोन उचला.