सोळापैकी चार: अर्ध्या मॅचवरून शेडूर सँडर्सचा निकाल लावणाऱ्यांना उत्तर

शेडूर सँडर्स हा अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये २०२५ ला ब्राउन्सकडे आलेला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा ऑफेन्स (हल्ला) चालवणारा, आणि त्याच्या पहिल्या मॅचचा आकडा पोस्टमधून अजून फिरतोच आहे. १६ नोव्हेंबर २०२५, क्लीव्हलँड ब्राउन्स विरुद्ध बाल्टिमोर रेव्हन्स, १६ थ्रो, त्यातले ४ पूर्ण, ४७ यार्ड, एक इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेला थ्रो), दोन सॅक (फेकण्याआधीच पाडलं), टचडाउन (सगळ्यात मोठा स्कोर) एकही नाही. आणि त्याच्याखाली जो दावा असतो तो थोडक्यात असा की क्वार्टरबॅकची लायकी पहिल्या मॅचलाच दिसते, प्रॅक्टिस मिळाली नाही वगैरे सगळे बहाणे, हातात आलेली मॅच ह्याने घालवली, खरे मोठे खेळाडू पहिल्या दिवसापासूनच मोठे असतात, आणि ड्राफ्टमध्ये (टीम्स कॉलेजची पोरं आळीपाळीने उचलतात तो) पाचव्या राउंडपर्यंत कुणी उचलला नाही म्हणजे सगळ्या टीम्सना हे आधीच माहीत होतं, हवा होती ती फक्त बापाच्या, म्हणजे एकेकाळचा मोठा खेळाडू डिऑन सँडर्सच्या, नावाची.

मी शिकागोत राहतो, इथल्या बेअर्स टीमचा माणूस आहे, ब्राउन्सशी माझं काही देणंघेणं नाही. शेडूर पुढे मोठा होईलच असंही माझं म्हणणं नाही. पण हा दावा साफ चुकीचा आहे आणि आपल्या मराठी मंडळींमध्येही जे एनएफएल बघतात ते तो जसाच्या तसा पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी प्रॅक्टिसचं घेतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचं तिथेच बोललं जातंय. शेडूर त्या दिवशी स्टार्टर नव्हताच. स्टार्टर होता डिलन गेब्रियल, त्याच ड्राफ्टमधला तिसऱ्या राउंडचा, त्याच्या डोक्याला मार लागला, कन्कशन, आणि दुसऱ्या हाफला शेडूरला पाठवला. आता आठवडाभर टीममध्ये काय चालतं ते बघा. मेन ऑफेन्सबरोबरची प्रॅक्टिस जवळजवळ सगळी स्टार्टरला मिळते, कारण वेळच तेवढा असतो. बॅकअप काय करतो, तर पुढच्या मॅचच्या विरोधी टीमचा क्वार्टरबॅक बनतो, त्यांचे प्ले, म्हणजे ठरलेल्या चाली, कार्डावर बघून चालवतो, म्हणजे आपल्या डिफेन्सला सराव होतो. ह्याला स्काउट टीम म्हणतात. म्हणजे तो मुलगा आठवडाभर बॉल फेकत असतो पण दुसऱ्यांचे प्ले, दुसऱ्या रिसीव्हर्सना (बॉल पकडणाऱ्यांना). आणि मग रविवारी अचानक हेल्मेटच्या स्पीकरमध्ये कोचचा आवाज येतो, लांबलचक प्ले कॉल, तो हडलमध्ये, म्हणजे घोळक्यात, दहा जणांना नीट सांगायचा, लाइनवर यायचं, समोरचा डिफेन्स बघून कोण कुणाला ब्लॉक करणार हे ठरवायचं, आणि प्ले क्लॉकवर (प्ले सुरू करायच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, तिथून पुढे तुम्ही एकटे. स्नॅप झाल्यावर, म्हणजे बॉल हातात आल्यावर, अडीच-तीन सेकंद. रिसीव्हर बारा यार्डांवर वळणार की चौदा, हे त्या वेळात डोळ्यांनी बघून ठरत नाही, ते शंभर वेळा बरोबर पळाल्यावर अंगात मुरलेलं असतं, आणि ते मुरायला बरोबर पळावं लागतं. मेन ऑफेन्सबरोबर आपल्याला सराव मिळालेला नव्हता हे शेडूर मॅचनंतर स्वतः बोलला होता, आणि त्यावरूनही त्याला रडका म्हणाले लोक.

प्रोफेशनल आहे, पैसे घेतो, तयार राहायलाच हवं, हे ऐकायला बरं वाटतं. पण तयार ठेवण्याचं काम कोचचंही असतं ना. पुढच्या आठवड्यात काय झालं ते त्या पोस्टमध्ये कुणीच लिहीत नाही. स्टार्टर म्हणून पूर्ण आठवडा मिळाला, रेडर्सच्या घरी जाऊन २४-१० जिंकले, शेडूरचे २० पैकी ११, २०९ यार्ड, एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. फार भारी नाही, मान्य. पण सात दिवसांत माणसाची लायकी चौपट होते का? बदलली ती तयारी.

हो, इथे कुणीतरी लगेच ब्रॉक पर्डी काढेल, आणि काढायलाच हवा, कारण मुद्दा रास्त आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक, २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा पिक (निवड), २६२ वा, डिसेंबरमध्ये डॉल्फिन्सविरुद्ध असाच मध्येच आत आला, ३७ पैकी २५, दोन टचडाउन, मॅच जिंकून दिली. मग शेडूरला का जमू नये? अहो पण पर्डीच्या आजूबाजूला कोण होतं बघा: ट्रेंट विल्यम्स लाइनवर (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीत), ख्रिश्चन मॅकॅफ्री, जॉर्ज किटल, डिबो सॅम्युअल, आणि प्ले बोलवायला काइल शॅनहन. पर्डीचं कौतुक कमी होत नाही त्याने, पण तो आणि ब्राउन्सचा ऑफेन्स ह्या दोन गोष्टी एका तराजूत टाकता येत नाहीत. १९९९ ला ब्राउन्स परत लीगमध्ये आले तेव्हापासून चाळिसहून जास्त वेगवेगळे क्वार्टरबॅक त्यांनी स्टार्टर म्हणून उभे केलेत. इतके सगळेच नालायक निघाले असं मानायचं का मग?

मॅच त्याने घालवली, हा मुद्दा पटकन संपवतो. हाफला ब्राउन्स १६-१० पुढे होते आणि दुसऱ्या हाफला एकही पॉइंट झाला नाही, हे खरं आहे, आणि त्यात शेडूरचा वाटा मोठा आहे, ते इंटरसेप्शन तर सरळ त्याच्याच नावावर. पण मॅच गेली ती १६-१६ असताना. चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा होता, रेव्हन्सने सगळे मिळून ढकलतात तसं नाटक केलं आणि मार्क अँड्र्यूज, टाइट एंड, बॉल घेऊन बाजूने सुटला तो ३५ यार्ड पळून टचडाउन. ब्राउन्सचा डिफेन्स त्या दिवशी जबरदस्त खेळला होता, मायल्स गॅरेटचे एकट्याचे चार सॅक, पण त्या एका प्लेला सगळेच फसले. तेव्हा शेडूर बाकावर होता.

आता खरे मोठे खेळाडू पहिल्या दिवसापासून मोठे असतात, ह्यावर येऊ. हे वाक्य इतक्या ठामपणे लिहिलेलं असतं की वाटतं कुणीतरी एकदा तपासलं असेल. टेरी ब्रॅडशॉ, १९७० च्या ड्राफ्टचा पहिला पिक, पिट्सबर्ग स्टीलर्स. पहिली मॅच ह्यूस्टन ऑइलर्सशी, १६ पैकी ४, ७० यार्ड, एक इंटरसेप्शन. सोळापैकी चार! अगदी तोच आकडा ज्यावरून शेडूरला संपवताय. त्या सीझनला ब्रॅडशॉने ६ टचडाउन दिले आणि २४ इंटरसेप्शन, आणि त्याच माणसाने पुढे चार सुपर बोल (लीगची फायनल) जिंकले. जॉन एल्वे, १९८३, पिट्सबर्गमध्येच पहिली मॅच, ८ पैकी १, १४ यार्ड, चार सॅक, एक इंटरसेप्शन, त्याला बाहेर काढून स्टीव्ह डीबर्गला आणलं तेव्हा कुठे डेन्व्हर जिंकलं. तो पुढे दोन सुपर बोल जिंकून हॉल ऑफ फेममध्ये गेला. ट्रॉय एकमन, १९८९, पहिलीच मॅच न्यू ऑर्लीन्सकडून २८-०, त्या वर्षी ज्या ११ मॅचेस त्याने सुरू केल्या त्या सगळ्या हरला. तीन सुपर बोल.

आणि ६ सप्टेंबर १९९८ हा दिवस तर ह्या दाव्याला एकटाच पुरा पडतो. त्या ड्राफ्टचा पहिला पिक पेटन मॅनिंग आणि दुसरा रायन लीफ, दोघांची पहिली मॅच एकाच दिवशी, आणि ड्राफ्टच्या आधी कितीतरी महिने सगळी अमेरिका भांडत होती की दोघांतला चांगला कोण. मॅनिंग डॉल्फिन्सविरुद्ध तीन इंटरसेप्शन देऊन २४-१५ हरला. लीफ बिल्सविरुद्ध १६-१४ जिंकला. म्हणजे त्या रात्री ह्या नियमाने निकाल लावला असता तर लीफ हिरा आणि मॅनिंग फुकट. आणखी दोनच आठवड्यांनी लीफने कॅन्सस सिटीत १५ पैकी १ पूर्ण केला, चार यार्ड, आणि त्याचं करिअर तिथून कधी सावरलंच नाही. मॅनिंगने त्या पहिल्या सीझनला २८ इंटरसेप्शन दिले, त्याची टीम कोल्ट्स ३-१३ (३ जिंकल्या, १३ हरल्या), आणि पुढच्याच वर्षी तीच कोल्ट्स १३-३. पहिल्या मॅचने दोघांबद्दल जे सांगितलं ते अगदी उलटं निघालं.

मान्य, उलट उदाहरणंही आहेत. ब्राउन्सचाच ब्रँडन वीडन, २०१२, पहिल्या मॅचला ३५ पैकी १२ आणि चार इंटरसेप्शन, आणि तो खरंच नाही चालला. पण ते कळायला दोन सीझन गेले. पहिली मॅच खराब जाऊन पुढे फसलेले आहेत, पहिली मॅच खराब जाऊन हॉल ऑफ फेमला गेलेले आहेत, पहिली मॅच झकास जाऊन गायब झालेले आहेत, मग त्या मॅचवरून नक्की काय कळलं?

आम्ही शिकागोवाल्यांनी हे दोनदा जवळून बघितलंय म्हणून मला जास्त लागतं. २६ सप्टेंबर २०२१, जस्टिन फील्ड्सचा पहिला स्टार्ट, क्लीव्हलँडमध्येच, समोर हाच मायल्स गॅरेट. २० पैकी ६, ६८ यार्ड आणि नऊ सॅक, नऊ! त्या सॅकमध्ये ६७ यार्ड गेले, म्हणजे संध्याकाळी बेअर्सच्या पासिंगसमोर आकडा होता एक यार्ड. पोराने मागे पाऊल टाकलं की समोरून कुणीतरी अंगावर, आणि कोचने त्याला पळवत बॉल फेकायला लावायचं सोडून तिथेच उभं ठेवला, मॅचभर. टीव्हीसमोर बसून ओरडत होतो आम्ही. मग ८ सप्टेंबर २०२४, केलेब विल्यम्स, ड्राफ्टचा पहिला पिक, सोल्जर फील्ड ह्या आमच्या मैदानावर, टायटन्सविरुद्ध २९ पैकी १४, ९३ यार्ड. ती मॅच आम्ही २४-१७ जिंकलो पण ऑफेन्सचा टचडाउन एकही नव्हता, एक ब्लॉक केलेल्या पंटवर (किकवर) आला, दुसरा टायरीक स्टीव्हन्सनने इंटरसेप्शन परत पळवून आणला. तेव्हाही हेच सगळं लिहिलं गेलं, वाया गेला, नंबर एकचा पिक फुकट.

पुढे काय झालं? फील्ड्स तीन सीझननंतर दुसऱ्या टीमला दिला गेला. केलेबला पहिल्या वर्षी ६८ वेळा पाडलं, ऑफेन्सचा कोच नोव्हेंबरमध्ये काढला, हेड कोच थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी काढला, आणि मग नवा हेड कोच बेन जॉन्सन आला, लाइनच्या मधल्या तिन्ही जागी नवीन माणसं आणली, जो थुनी, ड्रू डॅलमन, जोना जॅक्सन. २०२५ ला त्याच पोराने ३,९४२ यार्ड फेकले, बेअर्सच्या सगळ्या इतिहासातला एका सीझनचा रेकॉर्ड, टीम ११-६, डिव्हिजन जिंकली, आणि प्लेऑफमध्ये पॅकर्सविरुद्ध हाफला २१-३ मागे असताना ३१-२७ जिंकलो. एकाच शहरातले दोन पोरं, दोघांची पहिली मॅच वाईट, एक राहिला नाही, एक राहिला. त्या दोन मॅचेसच्या आकड्यांमध्ये कुठला कोणता हे शोधून दाखवा.

पाचव्या राउंडचं बोलायचं तर, १४४ वा पिक होता शेडूर, आणि टॉम ब्रेडी १९९ वा होता, पर्डी २६२ वा. उलट जामार्कस रसेल २००७ चा पहिला पिक, तो तीन वर्षांत लीगबाहेर. ३२ टीम्स मिळून चुकतात आणि दर वर्षी चुकतात. बाप डिऑन सँडर्स आहे म्हणून नाव झालं हे खरं, पण त्या नावामुळेच एका बॅकअपच्या अर्ध्या मॅचचा हिशेब महिनोन्महिने चाललाय, बाकी कुठल्या पाचव्या राउंडच्या पोराची १६ पैकी ४ कुणाला पाठ आहे?

शेडूरवर टीका करायचीच असेल तर साहित्य भरपूर आहे, फक्त ते त्या मॅचमध्ये नाही. ७ डिसेंबरला टायटन्सविरुद्ध ३६४ यार्ड आणि तीन टचडाउन फेकले, ती मॅच ३१-२९ हरले तरी खेळ बघण्यासारखा होता, आणि पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे, सोल्जर फील्डच्या थंडीत, ३१-३ असा मार खाल्ला, तीन इंटरसेप्शन, पाच सॅक. तिथे पूर्ण आठवडा त्याला मिळाला होता, मेन ऑफेन्स त्याचा होता. बॉल हातात धरून ठेवायचा, दबाव आला की सरळ मागे मागे जायचं, ही कोलोराडोच्या कॉलेजपासूनची सवय त्या दिवशी स्वच्छ दिसली, आणि पाचातले काही सॅक लाइनचे नव्हते, त्याचेच होते. ती सवय सुटते का हे पुढच्या सीझनला बघा, पहिला रिसीव्हर मोकळा नसताना दुसऱ्याकडे किती लवकर जातो ते बघा. वाद घालायचा तर शिकागोची मॅच घेऊन या, बसून बोलू, त्यातल्या निम्म्या गोष्टी मीही मान्य करेन.