लठ्ठ शहरात उपाशी

बोलोन्याला इटलीत तीन टोपणनावं आहेत: विद्वान, लाल आणि लठ्ठ. विद्वान, कारण तिथलं विद्यापीठ १०८८ सालचं. लाल विटा-कौलांमुळे, आणि थोडं राजकारणामुळेही. लठ्ठ का, ते पोटाला विचारा. आम्ही याच तिसऱ्या नावाला भुलून गेलो होतो.

गाइडसह खाद्यफेरीचे दोघांचे युरो ऐकले, मनात शंभराने गुणले आणि "आपले आपणच फिरू" असं जाहीर केलं. रात्री जागून नकाशावर अकरा टिंबं काढली.

"अहो, अकरा ठिकाणी खाणार?"

"नुसतं चाखायचं असतं," मी जाणकाराच्या थाटात म्हणालो.

पहिलं टिंब क्वाद्रिलातेरो. मोठ्या चौकाला लागूनच मध्ययुगापासून चालत आलेल्या बाजाराच्या या अरुंद गल्ल्या. एका काचेमागे लोडाएवढं काहीतरी ठेवलं होतं. कापलेल्या बाजूने गुलाबी, मध्ये पांढरे ठिपके आणि हिरवे पिस्ते.

"अय्या, बर्फी!" ही म्हणाली.

तो मोर्तादेल्ला होता, डुकराच्या मांसाचा जाडजूड सॉसेज. पांढरं ते खवा नसून डुकराची चरबी आहे, हे सांगितल्यावर हिने काचेला लावलेलं बोटसुद्धा रुमालाला पुसलं. ही शाकाहारी आहे हे मला तीस वर्षं माहीत आहे. टिंबं काढताना कसं विसरलो, कोण जाणे. तोर्तेल्लिनी म्हणजे सारण भरलेला पास्ता, बेंबीएवढा, पण त्या बेंबीत डुक्कर तीन वाटांनी शिरतं: ताजं मांस, प्रोश्युत्तो (खारवून वाळवलेली मांडी) आणि पुन्हा तोच मोर्तादेल्ला. रागू या मांसाच्या रश्श्यात गाय. एकेक करत सात टिंबं गळाली.

विषय बदलावा म्हणून मी ताल्यातेल्लेची गोष्ट काढली. या पट्टीसारख्या शेवयांची रुंदी शिजल्यावर ८ मिलिमीटर हवी, म्हणजे समोरच्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग. १९७२ साली व्यापार मंडळाकडे ही रुंदी रीतसर नोंदवलेली आहे, नमुन्याला चक्क सोन्याची पट्टी!

"तुमच्या आईंनीसुद्धा माझ्या चकलीला कधी पट्टी लावली नव्हती," ही म्हणाली. "आणि त्यांनी काय काय नाही लावलं!"

उरलेल्या टिंबांतलं एक मात्र हमखास होतं: आत रिकोता चीज, वर लोणी आणि सेजची पानं असलेली तोर्तेल्लोनी, म्हणजे तोर्तेल्लिनीची थोरली बहीण. कमानींखालून चालत निघालो. जुन्या शहरातच अशा कमानी ३८ किलोमीटर आहेत. ऊन अजिबात लागलं नाही, भूक तेवढी लागली. एकसारख्या कमानींत तीनदा चुकलो आणि पोहोचलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. वेटर टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवत होता. त्याने बोटांनी सात दाखवले. मला वाटलं सात युरो. सात वाजता, असं निघालं.

हिने एक शब्दही काढला नाही. हे जास्त वाईट.

शेवटचं टिंब मी कुतूहलापोटी काढलं होतं: रानोक्की नावाच्या बोळातली ओस्तेरिया देल सोले ही दारूची खाणावळवजा जागा, १४६५ सालापासूनची. इथे स्वयंपाकघरच नाही. प्यायचं त्यांच्याकडून घ्यायचं, खायचं आपलं आणायचं.

"आपलं आणायचं? नक्की?"

नक्की म्हटल्यावर पर्सची चेन उघडली. गुळाच्या पोळ्यांची चळत, पाठोपाठ भडंग. लाकडी टेबलावर कागद पसरला. मी वाइन घेतली, हिने पाणी.

शेजारच्या म्हाताऱ्याने कागदात मोर्तादेल्लाच आणला होता. त्याने भडंगाकडे बोट दाखवलं. हिने मूठभर दिलं. ते तोंडात टाकून तो लाल झाला, खोकला, हसला आणि परतफेड म्हणून एक पातळ गुलाबी काप थेट माझ्या गुळाच्या पोळीवर ठेवला.

मी हिच्याकडे पाहिलं. ही भिंतीवरच्या जुन्या फोटोंकडे वळली. मी तो काप पोळीवरून उचलून घाईघाईने तोंडात टाकला.

"कसं लागतंय?" फोटोंवरची नजर न हलवता तिने विचारलं.

"बर्फीसारखं."