ब्यूरोची बाई, एअर बेड आणि ‘निर्धास्त’ राहण्याचा सल्ला

वडील किंवा आई रुग्णालयातून अंथरुणावरच घरी आली की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवरून एक संदेश येतोच. मथितार्थ असा: रुग्णालयात इन्फेक्शन होतं, त्यापेक्षा घर बरं. ब्यूरोतून, म्हणजे घरी नर्स-मावशी पुरवणाऱ्या एजन्सीतून, पोलीस व्हेरिफिकेशन झालेली 24 तासांची बाई ठेवा, इंजेक्शन-नळी सगळं तीच बघते. एअर बेड (पंपाने हवा भरलेली गादी) आणा, बेडसोर (पडून राहून होणारी जखम) होत नाही. कॅमेरा लावा आणि निर्धास्त कामावर जा.

घर बरं, हे बऱ्याच अंशी खरं. पुढचं तपासून घ्यायला हवं.

पोलीस व्हेरिफिकेशन जरूर मागा, पण त्यातून कळतं एवढंच की त्या व्यक्तीवर गुन्हा नोंदलेला आहे का. पक्षाघात झालेल्या माणसाला काखेत हात घालून उचललं तर लुळ्या बाजूचा खांदा निखळू शकतो, हे तिला ठाऊक आहे का, ते त्या कागदावर नसतं. नर्सचे दोन प्रकार: जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएमचा दोन. दोघींची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारता येतो. जनरल ड्यूटी असिस्टंटचं, म्हणजे रुग्णाच्या मदतनिसाचं, प्रशिक्षण काही महिन्यांचं. बाकी मावश्या अनुभवावर शिकलेल्या, आणि भरवणं, अंग पुसणं यात त्यातल्या कित्येक जणी नर्सपेक्षा सरस असतात. प्रश्न कोणतं काम कुणाकडे द्यायचं, हा आहे.

‘रजिस्टर्ड ब्यूरो’ या पाटीवरही फार जाऊ नका. ती नोंदणी बहुधा शॉप ॲक्टची असते. ज्येष्ठांना घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्ती विधेयकात होती. ते मंजूर झालंच नाही आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तसं आपोआप रद्द झालं.

‘24 तासांची बाई’ म्हणजे 24 तास जागी बाई नव्हे. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची तर दहा ते सहामध्ये तिला चार वेळा उठावं लागतं, आणि दिवसभर तीच राबलेली असते. अशा वेळी पहाटे बाथरूमकडे एकट्याने निघालेले आजोबा पडतात. परवडत असेल तर 12-12 तासांच्या दोन पाळ्या. नसेल तर रात्रीच्या दोन फेऱ्या घरच्यांनी घ्याव्यात आणि तिला दुपारी सलग झोप द्यावी.

एअर बेडने दाब विभागला जातो, कूस बदलणं सुटत नाही. त्यातून पंपाचा नॉब रुग्णाच्या वजनावर लावायचा असतो. तो बहुतेक घरी कुणी तरी एकदा फिरवून ठेवलेला असतो. माकडहाडाच्या खाली गादीखालून हात घालून पाहा: मध्ये साधारण इंचभर हवा जाणवली पाहिजे. वर मेणकापड, त्यावर चौघडी चादर, त्यावर गोधडी घातली की गादीचा उपयोग संपला. कुशीवर वळवताना पूर्ण 90 अंशांत नको, पाठीमागे उशी देऊन 30 अंश पुरे. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवाव्यात.

रोज सकाळी माकडहाड, नितंबाची हाडं, टाचा पाहाव्यात. लालसर डागावर बोट दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर रक्त फिरतंय. लालच राहिला तर बेडसोर सुरू झाला. सावळ्या त्वचेत लाली दिसत नाही, तिथे गरमपणा आणि कडकपणा बघावा. जुन्या पद्धतीने स्पिरिट-पावडर लावून तिथे चोळू नका: स्पिरिटने कातडी सुकते आणि चोळण्याने आतली इजा वाढते. खाली ठेवायची मध्ये भोक असलेली रिंगही नको, कडेवर दाब पडून मधला रक्तपुरवठा कमी होतो.

‘इंजेक्शन-नळी तीच बघते’ हे वाक्य मात्र जीवावर बेतणारं आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या 40 युनिट प्रति मिली आणि 100 युनिट प्रति मिली, दोन्ही मिळतात. पेनचं काडतूस सहसा 100 चं. सिरिंजही दोन: लाल टोपी 40 ची, केशरी 100 ची. पेनची सुई संपली म्हणून काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजने 16 च्या खुणेपर्यंत भरलं, की अंगात 40 युनिट गेले. मग आजी घामाघूम, बरळतात, झोपाळतात, आणि घरचे म्हणतात वय झालं. रक्तातली साखर 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर 15 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे पाण्यातून. 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता 108.

अन्न भरवायची नाकातली नळी नर्सनेच घालावी. नाकपुडीपाशी नळीवर पेनने खूण करून ठेवा. खूण सरकलेली दिसली तर भरवू नका. टोक पाण्यात बुडवून बुडबुडे बघणं भरवशाचं नाही. भरवताना पाठ 30 ते 45 अंश वर, नंतरही तासभर तशीच. दट्ट्याने ढकलू नये, आपोआप उतरू द्यावं. शेवटी 30 मिली पाणी. एसआर, ईआर लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) गोळ्या कुटून नळीत घालायच्या नाहीत, डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. आणि कूस बदलताना लघवीची पिशवी क्षणभरही अंथरुणावर ठेवायची नाही, लघवी उलटी फिरते.

कॅमेऱ्यात आरडाओरडा, मारहाण दिसते. ओला डायपर आणि चुकलेला डोस दिसत नाही. कपडे बदलण्याच्या जागी तो नकोच, आणि तो आहे हे रुग्ण आणि बाई दोघांनाही सांगून ठेवा. छळाचा संशय आला तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

बरेच घोटाळे बदलीच्या दिवशी होतात: जुनी बाई सातला गेली, नवी आठला दारात. दोघी तासभर एकत्र राहतील असं ब्यूरोशी आधीच ठरवा. पलंगाशी एक कागद चिकटवा: औषधं आणि वेळा, इन्सुलिन 40 चं की 100 चं, शेवटची कूस कोणती, दिवसभरातली लघवी, शौच कधी झालं, आणि नाकातली नळी व कॅथेटर (लघवीची नळी) बदलायची तारीख.